निळूभाऊ: नकलेपलीकडचा नट

निळू फुले म्हटलं की आपल्यातलाच कुणीतरी आवाज घोगरा करतो, नजर तिरकी करतो, आणि हशा पिकतो. आपल्या पुण्याच्या या नटाला आपणच नकलेत बसवून टाकलंय. आज ती नक्कल जरा बाजूला ठेवू.

‘सामना’ आठवा. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला चित्रपट. यातला हिंदुराव धोंडे पाटील मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न येतो, तेव्हा आपल्याला भीती वाटते ती या पाहुणचाराचीच. गावाचं भलं करणारा हातच गळ्याशी येऊ शकतो, हे भाऊ आवाज न चढवता दाखवतात.

मग १९७९चा ‘सिंहासन’. चेहरा तोच, पण हाती सत्ता नाही. पत्रकार दिगू टिपणीस नुसता बघतो, ऐकतो. बोलायचं काम बाकीच्यांचं. आणि शेवटी त्याच्या त्या हसण्यात सगळं राजकारण उघडं पडतं.

सेवा दलाच्या कलापथकातून, वगनाट्यातून आलेला हा माणूस २००९मध्ये गेला. राहिली ती नक्कल. ती आपल्याला सोयीची आहे, कारण नकलेतला पाटील नेहमी दुसऱ्याच गावचा असतो. भाऊंचा पाटील मात्र आपल्या ओळखीचा निघतो. त्याच्या पंगतीला आपणही कधीतरी जेवलेलो असतो.