पाटलिगामचे पाटलिपुत्र : एका सुत्तप्रसंगाचे पुनर्वाचन

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात मगधाच्या भावी राजधानीच्या पायाभरणीचा प्रसंग आला आहे. अजातशत्रूचे महामात्य सुनीध व वस्सकार हे वज्जींना रोखण्यासाठी पाटलिगाम येथे नगर उभारीत आहेत. तथागत आनंदास सांगतात की, हे व्यापाराचे अग्रनगर होईल. परंतु अग्नी, जल आणि आपसातील फूट ही तीन संकटे त्यास राहतील. बहुतेक व्याख्याने पूर्वार्धापाशीच थांबतात आणि या वचनास साम्राज्याला दिलेला आशीर्वाद ठरवितात. हे वाचन अपुरे आहे.

भविष्यकथनाचा भाग नगर वैभवास पोहोचल्यानंतर रचला गेला असावा, असे मानण्यास जागा आहे. तथापि तेवढ्याने प्रसंगाचा गाभा ढळत नाही. तिसऱ्या संकटासाठी सुत्तात 'मिथुभेद' हा शब्द आहे. सुत्ताच्या आरंभी तोच शब्द वस्सकाराच्या तोंडी येतो : वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही, प्रलोभन वा मिथुभेद हेच उपाय. जे शस्त्र राजधानीचा शिल्पकार गणराज्यावर चालवू पाहतो, तेच त्याच्या नगराचे संकट ठरते. इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास बृहद्रथ मौर्याचा वध परचक्राने नव्हे, तर त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने केला, हे येथे आठवावे.

मांडणीतील क्रमही बोलका आहे. पाटलिगामात आधी येते ती उपासकांची आवसथागारातील सभा आणि शीलाची देशना. तटबंदीचा उल्लेख त्यानंतर.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाने हा क्रम तेरणाकाठच्या तेर येथे पडताळून पाहावा. 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून तगराचा निर्देश आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जात असे. सातवाहनांची राजधानी म्हणून नाव आहे ते प्रतिष्ठानचे. परंतु तेरचे गजपृष्ठाकार विटांचे त्रिविक्रम मंदिर हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. देवता बदलली, वास्तू टिकली. विणकर, व्यापारी व उपासक यांच्या नगराची ही खूण आहे.

राजधान्यांच्या यादीत तगर नाही, म्हणून त्याचा इतिहास गौण मानणे म्हणजे वस्सकाराच्या नजरेने सुत्त वाचणे होय. आपण ते पाटलिगामच्या उपासकांच्या बाजूने वाचावे. नगर तटाने उभे राहते. टिकते ते शीलाने व एकोप्याने.