कमांड लाइनमधील लघु व दीर्घ पर्याय : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यात यवतमाळ, पुसद येथील महाविद्यालयांतून संगणकाचे उच्च शिक्षण दिले जाते. तेथे येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते; काहींच्या घरी तर बंजारा, गोंडी अथवा कोलामी बोलली जाते. लिनक्सच्या प्रात्यक्षिकात हे विद्यार्थी आज्ञा व त्यांचे पर्याय पाठ करतात. पर्याय लघुरूपात शिकवावेत की दीर्घरूपात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु विद्यार्थी आज्ञा समजून देतो की केवळ स्मरणाने, याचा निर्णय पुष्कळदा येथेच होतो.

लघुरूपाचा उगम :
युनिक्स प्रणाली 1969 पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकारास आली. त्या काळातील टेलिटाइप यंत्र सेकंदास केवळ 10 अक्षरे छापत असे आणि त्याच्या कळा जड होत्या. अशा स्थितीत एकाक्षरी पर्याय ही सोय होती. पुढे पॉसिक्स मानकानेही एकाक्षरी पर्यायाचीच शिफारस केली. दुहेरी डॅशने सुरू होणारे पूर्ण शब्दांचे पर्याय रूढ केले ते मुख्यतः जीएनयू प्रकल्पाने. यंत्राची मर्यादा संपली, तरी लघुरूपाची सवय मात्र टिकली.

लघुरूपाचे दोष :
एकाक्षरी पर्यायाचा मुख्य दोष म्हणजे त्याचा अर्थ आज्ञेगणिक बदलतो. 'एफ' हे अक्षर 'आरएम'मध्ये सक्ती, 'टेल'मध्ये फाइलचा पाठपुरावा, तर 'कट'मध्ये स्तंभ दर्शविते. 'आर' अक्षराची स्थिती याहून बिकट आहे. 'एलएस' आज्ञेत लहान लिपीतील 'आर' म्हणजे उलटा क्रम आणि मोठ्या लिपीतील 'आर' म्हणजे उपफोल्डरांसह संपूर्ण यादी. 'सीएचमॉड'मध्ये मोठा 'आर' हा बदल आतील सर्व फाइलींपर्यंत नेतो. लहान 'आर' मात्र वाचण्याची परवानगीच काढून घेतो.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. वर्गात शिक्षकाने 'डॅश आर' असे उच्चारले की दोन्ही पर्याय कानाला सारखेच लागतात. 'रिव्हर्स' आणि 'रिकर्सिव्ह' हे शब्द उच्चारताच हा घोटाळा मिटतो.

येथे सातबाराचे उदाहरण उद्बोधक ठरते. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख व 12 म्हणजे पिकांची नोंदवही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हीसुद्धा लघुरूपेच आहेत. मात्र 7 चा अर्थ वणीच्या तलाठ्याकडे एक आणि दारव्ह्याच्या तलाठ्याकडे दुसरा, असे होत नाही. तात्पर्य, आखूडपणा हा मूळ दोष नव्हे. अर्थाची अस्थिरता हा दोष होय.

दीर्घरूपाच्या मर्यादा :
दीर्घ पर्याय स्वयंस्पष्ट असतात, हा दावा इंग्रजीचे ज्ञान गृहीत धरतो. 'रिकर्सिव्ह' हा शब्द मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला आपोआप उलगडत नाही. तरीही शब्द कोशात शोधता येतो, त्याचा मराठी अर्थ वहीत लिहिता येतो; सुट्या अक्षराबाबत ती सोय नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. अशा निवेदनाला अर्थ जोडण्यासाठी पूर्ण शब्दाचाच आधार मिळतो.

दीर्घ पर्यायांना पॉसिक्स मानकाचा आधार नसल्याने ते प्रत्येक प्रणालीवर चालतीलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. टंकनाला वेळ लागतो, हेही खरे. मात्र टॅब कळीने शब्द पूर्ण करण्याच्या सोयीमुळे त्याची तीव्रता घटली आहे. उलट, काही ठिकाणी लांबी हेच संरक्षण ठरते. जीएनयूच्या 'आरएम' आज्ञेत मूळ निर्देशिकेचे संरक्षण उठविणारा पर्याय केवळ दीर्घरूपातच आहे व तो संक्षेपाने लिहिता येत नाही. घातक कृती सहज हातून घडू नये, हे तत्त्व त्यामागे दिसते.

निष्कर्ष :
लघुरूप हे सरावलेल्या हातासाठी, तर दीर्घरूप हे वाचणाऱ्या डोळ्यांसाठी आहे. टर्मिनलवर एकदाच द्यावयाच्या आज्ञेत लघुरूप योग्यच. मात्र जी स्क्रिप्ट उद्या दुसरा कोणी वाचणार आहे आणि जी प्रात्यक्षिक वही परीक्षेपूर्वी पुन्हा उघडली जाणार आहे, तेथे दीर्घरूपच हवे. म्हणून अध्यापनात प्रथम दीर्घ पर्याय, त्याचा मराठी अर्थ आणि त्यानंतर लघुरूप, असा क्रम ठेवणे इष्ट ठरेल. परीक्षकानेही केवळ अक्षर न विचारता त्यामागचा शब्द विचारावा. अन्यथा आज्ञा बिनचूक टंकणारा, पण ती काय करते हे सांगू न शकणारा पदवीधर तयार होईल. आणि एका चुकीच्या 'आर'ची किंमत त्याला नोकरीच्या ठिकाणी मोजावी लागेल.