आत्मा नाही, तर कर्म कोणाच्या खात्यावर?

गेल्या वेळी प्रश्नोत्तरं संपत आली असताना मागच्या रांगेतल्या एका ताईंची चिठ्ठी आमच्याकडे आली होती. त्यांचा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. घरी येणारा प्रत्येक जण सांगून जातो, "मागच्या जन्मीचं काही असेल." ताईंनी विचारलं होतं, माझ्या मुलाने नेमकं काय केलं होतं? वेळ संपली म्हणून आम्ही ती चिठ्ठी खिशात ठेवली. खरं सांगायचं तर वेळ असता तरी आमच्याजवळ उत्तर तयार नव्हतं. आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीचं आहे.

आपल्याकडे एक सोयीचं वाक्य नेहमी ऐकू येतं: हिंदू, जैन, बौद्ध सगळेच कर्म आणि पुनर्जन्म मानतात, सार एकच. हे अर्धं खरं आहे. शब्द एक आहेत, पण कर्म कोण करतो, ते कशाला चिकटतं आणि पुढे कोण जातं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. ही उत्तरं एकत्र कालवली की कोणत्याच परंपरेला जाब विचारता येत नाही. म्हणून आज आपण एकेकाला वेगळं वेगळं विचारू.

आधी उपनिषदं. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत जातो, डोळा सूर्यात जातो. मग तो माणूस कुठे उरतो? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाही. तो आर्तभागाचा हात धरून त्याला बाजूला नेतो. ते दोघे कशाबद्दल बोलले? तर कर्माबद्दल. म्हणजे आज चहाच्या टपरीवर सहज निघणारी ही गोष्ट त्या काळी चारचौघांत सांगण्याची नव्हती. पुढे चौथ्या अध्यायात गवतावरच्या किड्याचा दृष्टान्त येतो. किडा एका पात्याच्या टोकाला पोचतो, दुसऱ्या पात्याचा आधार घेतो आणि मग स्वतःला ओढून घेतो. आत्म्याचं तसंच. इथे प्रवास आहे आणि प्रवासीही आहे.

इथवर ठीक. पण छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात पुढचं पाऊल पडतं. चांगलं आचरण असणाऱ्यांना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनी मिळते. वाईट आचरणाच्या लोकांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची. आमचा आक्षेप इथे सुरू होतो. कराल तसे व्हाल, हे सांगणं वेगळं. आणि तुम्ही आज जसे आहात त्यावरून तुम्ही काय केलं असेल हे ठरवणं वेगळं. पाऊस पडला की अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं होत नाही. कोणी सडाही घातला असेल. या उलट्या तर्कावर किती पिढ्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं, हे महाराष्ट्रात निराळं सांगायला नको.

आता जैन विचार. इथे कर्म म्हणजे नुसती कृती नव्हे. ते सूक्ष्म पुद्गल आहे, म्हणजे द्रव्यच. राग, मान, माया, लोभ या कषायांमुळे ते जीवाला चिकटतं, आणि तपाने त्याची निर्जरा होते. हिशोब ठेवायला ईश्वर लागत नाही. आमच्या मते तर्काच्या बांधणीत ही व्यवस्था सगळ्यांत चोख आहे: जीव आहे, त्याला चिकटणारं द्रव्य आहे, आणि ते झाडण्याचा मार्ग आहे. शिवाय तिचा सगळा रोख स्वतःकडे आहे. आपल्या पावलाखाली कोण चिरडतं ते बघ. पण कर्माच्या आठ प्रकारांत एक गोत्रकर्मही आहे, ज्याने उच्च किंवा नीच कुळ मिळतं. म्हणजे आमचा आक्षेप इथेही पूर्ण सुटत नाही.

बौद्ध विचारात खरी अडचण उभी राहते. पंचस्कंध आहेत, पण त्यांच्यामागे कायमचा आत्मा नाही. मग जन्मतो कोण? 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद हेच विचारतो आणि नागसेन दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण वेगळीही म्हणता येत नाही. आंबे चोरणारा म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेला तो वेगळा, तर तो सुटेल का? नाही. उत्तर सुंदर आहे. पण ताईंच्या प्रश्नाला ते पुरत नाही, कारण साखळी सिद्ध झाली तरी प्रत्येक दुःख त्या साखळीतूनच आलं हे सिद्ध होत नाही.

आणि गंमत म्हणजे हे खुद्द संयुत्तनिकायात सांगितलं आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध वेदनांची आठ कारणं सांगतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, अनियमित वागणं, बाहेरचा आघात आणि कर्म. आठांतलं एक कर्म! सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे चुकतात, असंही तिथे म्हटलं आहे. मात्र आपण प्रामाणिक राहू. मज्झिमनिकायातल्या चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, कुरूपता, हीन कुळ यांचं कारण पूर्वकर्मच सांगितलं आहे. त्रिपिटकात दोन्ही आवाज आहेत. आपल्याला सोयीचा तेवढा उचलायचा, हे बरं नाही.

हा पेच बाबासाहेब आंबेडकरांनी टाळला नाही. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'च्या प्रास्ताविकात त्यांनी तो स्पष्ट मांडला: आत्मा नाकारायचा आणि कर्म, पुनर्जन्म मानायचे, हे जमतं कसं? त्यांचं उत्तर असं की शरीराची तत्त्वं निसर्गात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, पण तोच माणूस परत येत नाही. आणि कर्म म्हणजे जगाची नैतिक व्यवस्था. गरिबीचं खापर गरिबाच्या पूर्वजन्मावर फोडण्याचा रस्ता त्यांनी बंद केला. हे त्यांचं मोठं काम. पण एक प्रश्न उरतो. जुलूम करणारा सुखाने म्हातारा होऊन मेला, तर नैतिक व्यवस्थेने त्याचं काय केलं? याचं उत्तर मग समाजाला, कायद्याला द्यावं लागतं. आमच्या मते ही उणीव नाही, ही जबाबदारी आहे. पण ती आपल्यावर येते हे मान्य करायला हवं.

आता ताई, तुमची चिठ्ठी. अंगुत्तरनिकायात कर्माचा विपाक हा विचाराने गाठता न येणाऱ्या चार गोष्टींत धरला आहे. जैन परंपरेत दुसऱ्याचे मागचे जन्म कळायला अवधिज्ञानासारखं विशेष ज्ञान लागतं. म्हणजे कर्म मानणाऱ्या या परंपरांच्या कसोटीवरसुद्धा, तुमच्या घरी चहा पिऊन निकाल देणाऱ्या पाहुण्याला तो अधिकार नाही. तुमच्या मुलाने काय केलं होतं, हे आम्हाला माहीत नाही आणि त्यांनाही नाही. त्याच्या शाळेला पायऱ्याच असतील आणि उतरता रस्ता नसेल, तर ते कोणाचं कर्म आहे हे मात्र आपल्याला नक्की सांगता येतं. ते आपलं आहे, आणि याच जन्मातलं आहे.

प्रश्न असतील तर आज आधी तेच घेऊ.