‘शारदा’ : एक हुकलेला प्रयोग

नाताळ आटोपला, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याची खोकी पुन्हा माळ्यावर गेली आणि 2025च्या जानेवारीत धर्मग्रामाला नेहमीप्रमाणे पंधरवड्याची उसंत मिळाली. केळीच्या बागांना पाणी देऊन मंडळी संध्याकाळी लवकर घरी येऊ लागली. त्याच सुमारास महिला मंडळाच्या एक भगिनी हातात तिकिटांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या राहिल्या. शहरातील सभागृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होणार होता. “फादर, आपणच नेहमी सांगता, मुलांनी चांगले मराठी ऐकावे म्हणून. मग आता चला,” असे त्या म्हणाल्या. नाही म्हणण्यास जागा उरली नाही. गायनवृंदातील सात मुले-मुली, काही जोडपी, दोन आजीबाई आणि मी असे आम्ही तेवीस जण भाड्याची गाडी करून गेलो. परतताना गाडीत जी चर्चा झाली तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. केवळ प्रयोग फसला एवढेच सांगायचे असते, तर या पानांवर ती जागा अडवली नसती.

प्रथम स्वतःचा पक्षपात कबूल करतो. सेमिनरीत असताना आमच्या ग्रंथालयात देवलांच्या ‘शारदे’ची एक मुखपृष्ठ गळालेली प्रत होती. प्रवचनासाठी सोपे आणि सरळ मराठी कसे लिहावे हे शिकायचे असेल तर देवल वाचा, असे आमचे एक वृद्ध प्राध्यापक सांगत. ते पुस्तक मी तिथे तीनदा वाचले. त्या काळी नाटकाच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश छापलेला असे. ज्या चाली ठाऊक नव्हत्या, त्या आम्ही मनाने रचून म्हणत असू. तेव्हा माझ्या डोक्यात तीस वर्षे एक ‘शारदा’ वावरत होती, आणि तिच्याशी स्पर्धा करणे कुठल्याही नाटकमंडळीला अवघडच गेले असते.

नवीन वाचकांसाठी कथा थोडक्यात सांगतो. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत ते तयार झाले. ‘शारदा’ रंगभूमीवर आली 1899 साली. कांचनभट हा लोभी ब्राह्मण पैशाच्या मोहाने आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीला टेकलेल्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ व्यवहार जुळवून आणतो. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडण्यासाठी धडपडतो. आजवर पुराणातील राजे-राजकन्यांमध्ये रमलेल्या संगीत नाटकाने प्रथमच शेजारच्या घरातील दुःखाला हात घातला. त्या वेळचा कायदाही ध्यानात घ्यावा. 1891च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली होती, तीही केवळ शरीरसंबंधापुरती. लग्नाच्या वयाला, म्हणजे मुलीच्या चौदाला आणि मुलाच्या अठराला, कायद्याचा आधार मिळायला 1929 साल उजाडावे लागले. त्या कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात, आणि तो या नाटकावरून पडलेला शब्द आहे असे अनेकांना वाटते. वास्तविक तो विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आला. पण गैरसमज इतका गोड आहे की तो दुरुस्त करताना थोडे वाईटच वाटते.

आता एक गोष्ट बारकाईने पाहावी. हे लग्न शेवटी मोडते ते मुलीने नकार दिला म्हणून नव्हे. वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून मोडते. अक्षता हाती घेतलेल्या त्या मांडवात शारदेच्या मनाला किंमत नाही, गोत्राला आहे. तिला कोणी विचारतच नाही. पुढे ती नदीत जीव द्यायला जाते, तेव्हादेखील तिचे म्हणणे ऐकायला तिथे कोदंडच काय तो असतो. मग या मुलीचा नकार नाटकात आहे तरी कुठे? तो तिच्या पदांत आहे. गद्यात सगळा व्यवहार मोठी माणसे बोलतात. तिच्या वाट्याला येतात ती पदे, आणि घरातल्यांपुढे आपली भीती ती पदांतूनच मांडते. ‘शारदे’तील गाणे हा संवादावर चढवलेला दागिना मानला की हे नाटक हातून निसटले. ते त्या मुलीचे एकमेव बोलणे आहे. आम्हा धर्मगुरूंना हे चटकन उमगावे. कारण विवाहापूर्वी वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून ‘ही तुझी स्वतःची इच्छा आहे ना?’ असे विचारण्याचे काम आमच्याकडे असते. त्या वेळी कधी कधी जी शांतता पसरते, ती मला ठाऊक आहे.

या पार्श्वभूमीवर आम्ही काय पाहिले ते सांगतो.

पडदा उघडला आणि ध्वनिक्षेपकांतून सतारी, बासऱ्या आणि कृत्रिम ढोलांचा असा गजर सुरू झाला की शेजारच्या आजीबाईंनी पदर कानावर घेतला. रंगमंचासमोर जिथे ऑर्गन आणि तबला असावा, तिथे फुलांच्या दोन कुंड्या होत्या. सगळी साथ आधीच ध्वनिमुद्रित करून आणलेली होती. शारदा आणि कोदंड यांचे आवाज तेवढे प्रत्यक्ष होते. मैत्रिणींच्या समूहाची पदे तर आवाजासकट मुद्रित होती आणि मुली नुसते ओठ हलवत होत्या. त्यांतील एकीचे ओठ पदाच्या आधीच मिटले. तिला दोष देत नाही. जे आपण गात नाही ते कधी संपते हे कळावे कसे?

याहून मोठा घोटाळा पुढे झाला. प्रत्येक पदाआधी चित्रपटगीताप्रमाणे पाऊण मिनिटाचे वाद्यसंगीत जोडलेले होते. देवलांचे पद बोलता बोलता उगवते. वाक्य अर्धे गद्यात असते आणि भावना शब्दांत मावेनाशी झाली की तेच वाक्य सुरांत शिरते. इथे मात्र घाबरलेली शारदा एक वाक्य बोलली आणि गप्प उभी राहिली. बासरी वाजली. मग सतार वाजली. ती पदराचे टोक पिळत बासरी संपण्याची वाट पाहत होती. तिचे भय बासरीवादकाच्या सोयीने थांबले होते. प्रेक्षकांत कोणी तरी खोकले, कोणी मोबाइल पाहिला. सूर आले तेव्हा ती मुलगी रंगमंचावर होती, पण शारदा तिथून निघून गेली होती.

मराठी रंगभूमीच्या इतिहासाकडे पाहता या प्रकारातील विपर्यास अधिक खुपतो. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्याच्या गाण्यावर अभिनय करीत. 1880 साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले. त्यांचे मोठे धाडस हेच की त्यांनी पद सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख शकुंतला गाऊ लागली. देवलांची शारदा उभी आहे ती या पायरीवर. आम्ही पाहिलेल्या प्रयोगाने ती पायरी उतरून पुन्हा 1843च्या अंगणात पाऊल टाकले. फरक इतकाच की भाव्यांचा सूत्रधार निदान हाडामांसाचा होता आणि पात्राकडे पाहून गात होता.

मध्यंतराआधी एक प्रसंग घडला. शारदेची भूमिका करणाऱ्या मुलीचा आवाज मोठा नव्हे, पण खरा होता. एका पदाच्या शेवटी, वाद्ये उतरती असताना, तिने एक शब्द किंचित कापऱ्या स्वरात धरला आणि सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. मागच्या रांगेतून एका वृद्ध गृहस्थांनी जुन्या सवयीने आरोळी दिली, “वन्स मोअर!” आमच्या मुलांनी हा शब्द केवळ ऐकलेला होता, ती हसत मागे वळली. त्या मुलीने आवाजाच्या दिशेने पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, आणि लगेच गोंधळ. कारण पुढच्या प्रवेशाचे मुद्रित संगीत सुरू झाले होते आणि भद्रेश्वर दीक्षित विंगेतून बाहेर आले होते. ज्या रंगभूमीवर प्रेक्षकांच्या हाकेसरशी पद पुन्हा उभे राही आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत, तिथे आता उत्तर द्यायला कोणी नव्हते. प्रत्यक्ष साथ असती तर ऑर्गनवाल्याने तिच्याकडे एकदा पाहिले असते, आणि तेवढ्याने काम भागले असते.

भुजंगनाथाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याने फार वेळ घेतला. नाटकात तो हास्यास्पद आहेच. देवलांनी ते हसू जाणूनबुजून पेरले आहे. पण ते हसू घशात अडकावे अशी त्याची योजना आहे. इथे त्याला केसांचा कलप, मोबाइल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांवरचे नवे विनोद जोडलेले होते. सभागृह खळखळून हसले. मीही एकदा हसलो. मात्र शारदेच्या मैत्रिणी तिला म्हाताऱ्या नवऱ्यावरून जे उपरोधाचे पद ऐकवतात, त्याची धार त्यामुळे पार गेली. आधीच लोळून हसलेल्या प्रेक्षकाला त्यातला काटा कसा बोचावा? एका मुलीचा सौदा चालला आहे हे दुसऱ्या अंकापर्यंत आम्ही विसरलो होतो.

कांचनभटाचे काम करणारे नट मात्र उत्तम होते. पैशाची पिशवी घेताना ते मुलीकडे पाहत नाहीत, पिशवीकडेही पाहत नाहीत. उपरण्याचे टोक सारखे करतात. लोभाला लाज असते, हे त्यांनी एका हालचालीत दाखवले. असे दोन नट आणि ती शारदा एवढ्या भांडवलावर प्रयोग उभा राहिला असता.

मंडळींची अडचण मला समजत नाही असे नव्हे. मध्यंतरात त्यांच्यापैकी एकाशी चहा घेताना बोलणे झाले. ऑर्गन, तबला आणि व्हायोलिन म्हणजे तीन माणसे. त्यांचे मानधन, प्रवास, मुक्काम आणि वाद्यांसाठी गाडीत जागा. तिकीट तीनशे रुपये, आणि मागच्या आठ रांगा रिकाम्या. “फादर, साथ आणली तर नाटक येत नाही, आणि नाटक आणले तर साथ येत नाही,” असे ते म्हणाले. याला माझ्यापाशी चोख उत्तर नाही. तरीही वाटते की एक पेटी आणि एक तबला पुरला असता. ‘शारदे’ची पदे ‘स्वयंवरा’सारखी नाहीत. 1916 साली भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’ला रागदारीचा जो विस्तार दिला, तो गायला मोठी तयारी लागते आणि तशीच साथ लागते. देवलांच्या चाली घरातल्या आहेत. साकी, दिंडी, ओवी यांच्या वळणाने त्या बोलण्याजवळ राहतात. ज्या नाटकाला कमीत कमी साज लागतो, त्याच्यावर सर्वांत जास्त साज चढवला गेला आणि तोही उसना.

परतीच्या वाटेवर गायनवृंदातील एका मुलाने मनातले बोलून दाखवले. “फादर, साउंड काय भारी होता! आपल्या सणाच्या मिस्साला पण असा ट्रॅक लावू या ना. ऑर्गनवाले अंकल तर गल्फला गेले.” गाडीत दोन तट पडले. आमचा ऑर्गन वरच्या सज्जात वर्षभर झाकलेला आहे, हे खरे. पेटीवर बोट फिरवणारी एकच मुलगी उरली आहे आणि तिला तीनच स्वरपट्ट्या येतात, हेही खरे. मी त्यांना 1958 साली रोमहून निघालेल्या धर्मसंगीतविषयक सूचनापत्राची गोष्ट सांगितली. उपासनेत ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रक अशी यंत्रे गायनाच्या जागी वापरू नयेत, इतकेच नव्हे तर गायनाला आधार म्हणूनही वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मुलांवर याचा फारसा परिणाम झाला नाही. नियमाचा सहसा होत नाही.

मग पुढच्या बाकावरच्या आजीबाई म्हणाल्या, “ती पोरगी थांबली होती ना रे, बासरी संपायची वाट बघत? तसे आपण वेदीसमोर उभे राहायचे का?” यावर मात्र गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर पेटी वाजवणाऱ्या मुलीने, आपल्या तीन पट्ट्यांत बसतील अशी गीते कोणती, याची यादी मोठ्याने करायला सुरुवात केली. सात निघाली. सणाला पाच लागतात.

ठराव अजून झालेला नाही. गायनवृंदाची बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. दरम्यान धर्मग्रामाच्या वाचनालयात ‘शारदे’ची प्रत आहे का, अशी विचारणा झाली. एक आहे. ती सध्या त्याच मुलाकडे आहे, आणि वाचून झाल्यावर आणखी दोघांनी आपली नावे लावून ठेवली आहेत.