कळपावाचून मेंढपाळ

पणजीच्या सांत इनेज दफनभूमीत १९२७ साली एका मनुष्याच्या अस्थी शिशाच्या पेटीत घालून त्याच्या चाहत्यांनी पुन्हा पुरल्या व वर स्मृतिशिला बसविली. शिलेवरील पोर्तुगीज मजकुरात त्यास 'पाद्री' म्हटले आहे, दयाळू मिशनरी म्हटले आहे, थोर देशभक्तही म्हटले आहे. एवढेच काय ते म्हटलेले नाही की हा गृहस्थ चौतीस वर्षे ऑर्थोडॉक्स पंथाचा बिशप होता. पुढे १९८८ मध्ये कार्मो आझेवेदो यांनी इंग्रजीत त्याचे चरित्र लिहिले. त्याचे नाव 'देशभक्त आणि संत' अशा अर्थाचे आहे. बिशप हा शब्द आला आहे, परंतु उपशीर्षकात! त्या ग्रंथाचे सांगोपांग परीक्षण येथे करावयाचे नाही. आंतोनियो फ्रान्सिश्कु शाव्हिएर अल्वारिस ऊर्फ मार जुलियस यांच्या स्मरणावर जे दोन शब्द येऊन बसले आहेत, त्यांनी त्यांच्या आयुष्याचा मध्यच झाकून टाकला आहे, हे आमचे म्हणणे आहे.

प्रस्तुत लेखक नवी मुंबईत राहतो. मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चच्या मुंबई धर्मप्रांताचे मुख्यालय येथेच, वाशीस आहे. तेथे नवा बिशप येतो तेव्हा कळप आधीच जमलेला असतो. केरळातून नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबे, त्यांची चर्चे, त्यांची वर्गणी, आणि हो, त्यांची भांडणेही. मलंकर चर्चमधील दुफळीचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी दिला, तरी मने काही निवाड्याने जुळत नाहीत. तथापि नव्या बिशपाला भांडावयास तरी माणसे असतात. अल्वारिस यांस तेवढेही मिळाले नाही.

त्यांचा जन्म १८३६ साली गोव्यात वेर्णे येथे झाला. ते रोमन कॅथलिक पाद्री झाले, आणि 'आ क्रुझ', 'आ व्हेरदादे' ही पत्रे चालवून चर्चच्या अधिकाऱ्यांस त्यांनी पुष्कळ डिवचले. पूर्वेकडील चर्चांवर बिशप नेमण्याचा जो जुना हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, त्यास पादोआदो म्हणत. १८८६ साली पोप तेरावा लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला व ह्या हक्काला मोठी कात्री लागली. ब्रिटिश मुलखातील आणि सिलोनातील कित्येक चर्चे गोव्याच्या हातून गेली. जेथे गोमंतकीय पाद्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली, तेथे रोमने नेमलेले परदेशी बिशप आले. मुंबईत तर दोन अधिकाऱ्यांचे दुहेरी राज्य १९२८ पर्यंत चालले! ज्या लोकांचा हा प्रश्न होता, त्यांस कोणी विचारले नाही. अल्वारिस यांचा संताप येथून निघतो, आणि तो आम्हांस सर्वथा न्याय्य वाटतो.

ते रोमपासून दूर झाले आणि मलबारच्या सुरियानी मंडळींकडे गेले. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टयमच्या जुन्या सेमिनरीत त्यांस बिशपपदाचा अभिषेक झाला. पदवी मिळाली ती अशी : मलबार वगळून गोवा, हिंदुस्थान आणि सिलोन यांचे मेट्रोपोलिटन. केवढा हा मुलूख! कागदावर इतकी विस्तीर्ण जहागीर पेशवाईतील एखाद्या सरदारासही मिळाली नसेल. पण गोव्यात त्यांच्यामागे उभे राहणारे लोक फारच थोडे निघाले. ज्यांस अन्यायाची चीड होती त्यांसही आपले लग्न, बारसे व मर्तिक जुन्याच वेदीपाशी व्हावे असे वाटे. ह्यात त्यांचा भ्याडपणा पाहणे सोपे आहे. आम्ही तो पाहत नाही. धर्म हा सामान्य माणसाच्या घरात मतांपेक्षा सवयीने नांदतो. चरित्रकाराने खरे पाहता येथे थांबावयास हवे होते. एका प्रामाणिक मनुष्याने पुढारीपण घेतले आणि मागे वळून पाहिले तो मागे कोणी नाही, ह्याहून करुण प्रसंग कोणता? परंतु देशभक्ताच्या कथेला अपयश शोभत नाही आणि संताच्या कथेत अपयशाचे लगेच हौतात्म्य होते.

ह्याला एक अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. उडुपीजवळच्या ब्रह्मावरात कोकणी बोलणारा एक मोठा कॅथलिक समाज नव्या पंथात आला आणि टिकला, आजही आहे. तेथे फादर रॉक झेफेरिन नोरोन्या हे त्या लोकांतच राहिले. पदवी त्यांची लहान होती.

आता १८९२ सालची गोष्ट, जिच्यावरून भक्त लोक घाईने पुढे जातात. त्या वर्षी २९ मे रोजी कोलंबो येथे अल्वारिस यांनी जोझेफ रने व्हिलात नावाच्या गृहस्थास अमेरिकेसाठी बिशपपदाचा अभिषेक केला. अंतिओखच्या पात्रिआर्काची त्यास अनुमती होती, हे मान्य. व्हिलात हे पॅरिसचे. विस्कॉन्सिन प्रांतातील बेल्जियन वसाहतवाल्यांत त्यांनी काम केले होते. पुढे त्यांच्या हातून अनेक स्वयंभू बिशपांची परंपरा निघाली, आणि शेवटी १९२५ साली ते स्वतः रोमशी समेट करून मोकळे झाले. विस्कॉन्सिनची ती माणसे अल्वारिस यांनी कधी पाहिली होती काय? दूरच्या सत्तेने आमच्या लोकांस न विचारता त्यांच्यावर बिशप लादले, ही ज्यांची मूळ फिर्याद, त्यांनीच न पाहिलेल्या लोकांसाठी बिशप निर्माण करावा! ही चूक लबाडीची नव्हे, एकाकीपणाची आहे, असे आम्हांस वाटते. ज्याला स्वतःची मंडळी मिळाली नाही, त्याला साता समुद्रापलीकडची मंडळी खरी वाटू लागते. पण चूक ती चूकच.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तीत रेव्हरंड टिळकांचा तापटपणा आणि विसराळूपणा ह्यांवर बाईंनी कोठेही पांघरूण घातलेले नाही. म्हणूनच १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढणारे टिळक आपणांस जवळचे वाटतात. अल्वारिस यांस अशी लेखणी लाभली नाही.

१८९५ साली सरकारने त्यांस पकडले. राजद्रोह व बिशपाचा वेष धारण करणे असे आरोप होते; अंगावरचा तो वेषही उतरविण्यात आला. न्यायालयाने त्यांस सोडले. त्यानंतरचे त्यांचे चरित्र आम्हांस सर्वांत मोठे वाटते. पटकीवर काय उपचार करावे ह्याची पुस्तिका त्यांनी लिहिली, दुष्काळात पोट भरावे म्हणून टॅपिओकाचे पीक घेण्याचा प्रचार केला, आणि रायबंदरास राहून गरिबांसाठी स्वतः भिक्षा मागितली. धर्मप्रांत लहान होत होत एका भिक्षापात्रात मावला. पण त्या पात्राभोवती माणसे होती. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. अखेरच्या दर्शनास गोरगरीब आणि भिकारी लोटले. त्यांतील बहुतेक त्यांच्या पंथाचे नव्हते.

त्यानंतर चाळीसेक वर्षे कबर विस्मृतीत राहिली. गोव्यात मल्याळी कुटुंबे आली तेव्हा केरळाबाहेरील धर्मप्रांताच्या बिशपांनी तिचा शोध घेतला. पुढे त्या धर्मप्रांतातून मुंबईचा वेगळा झाला आणि १९७९ साली मुंबईचेच बिशप फिलिपोस मार थिओफिलोस यांनी त्या अस्थी रायबंदरच्या सेंट मेरी चर्चमध्ये आणून ठेविल्या. तेथे आता कळप जमतो. त्यातले अनेक जण मेंढपाळाच्या कोकणीत बोलत नाहीत, मल्याळममध्ये प्रार्थना करतात.