‘इम्पोर्ट’ या शब्दाची उलटतपासणी

सहा वर्षांपूर्वी मावळातल्या दोन गावांत मी जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या ११ बायकांचे चित्रीकरण केले. त्यातून ५० मिनिटांचा माहितीपट तयार झाला आणि पुढे दोन वर्षांनी त्यांतल्याच एका गावात, देवळाच्या सभामंडपात पडदा बांधून तो दाखवला. विसाव्या मिनिटाच्या आसपास मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आली. पडद्यावर तिच्या आईचे नाव होते, ओवी चालू होती. ती म्हणाली, “दादा, गळा आईचा हाय, पण ही बाई आई न्हाई.” आई आदल्या वर्षीच वारली होती. प्रोजेक्टर बंद करावा लागला.

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. पण ती घडली कशी याचा माग काढताना मी शेवटी एका शब्दापाशी येऊन थांबलो. म्हणून हा लेख तंत्रज्ञानाच्या मासिकाऐवजी इथे लिहितो आहे. सॉफ्टवेअरही कुणीतरी लिहिलेलेच असते. त्याचीही परिभाषा असते, रूपके असतात, आणि ती तपासायला हरकत नसावी.

चित्रपट संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली आज्ञा असते ‘इम्पोर्ट’. आयात. आयात म्हटले की माल जहाजातून उतरला, गोदामात आला, असे चित्र मनात उभे राहते. इथे तसे काही घडत नाही. माझे चित्रीकरण ७०० जीबी भरले होते. ते सगळे ‘इम्पोर्ट’ केल्यावर प्रोजेक्टची फाइल झाली जेमतेम ६ एमबी. मग बाकीचे गेले कुठे? कुठेच नाही, ते होते तिथेच राहिले. ॲडोबीच्या प्रीमिअर प्रोची प्रोजेक्ट फाइल ही आवळून बांधलेली साधी एक्सएमएल मजकुराची फाइल असते. झिप उघडणाऱ्या साध्या साधनाने ती सोडवता येते. कुतूहल असेल त्याने एकदा जरूर सोडवून पाहावी, अर्थात मूळ प्रत बाजूला ठेवून. आत एकही चित्र सापडत नाही. प्रत्येक दृश्याचा डिस्कवरचा पत्ता, त्यातला कुठून कुठवरचा तुकडा घेतला, तो कशानंतर लावला, एवढीच नोंद.

म्हणजे हा सातबारा झाला. जमीन शिवारात आणि उतारा तलाठ्याच्या दप्तरात. उतारा हरवला तरी जमीन जागेवर असते, आणि उतारा हातात असला म्हणून जमीन पिशवीत येत नाही. या क्रियेला ‘आयात’ऐवजी ‘नोंद’ म्हटले असते, तर नवशिक्यांनी कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच फायली ‘इम्पोर्ट’ करून नंतर ते कार्ड पुसण्याचा घोटाळा केला नसता. असे रडत आलेले चार-पाच विद्यार्थी मी स्वतः पाहिले आहेत.

पत्ता बदलला की नोंद लंगडी पडते. काल ई असलेली डिस्क आज विंडोजने एफ म्हणून ओळखली, कुणी फोल्डरचे नाव सुधारले, एवढे पुरते. प्रीमिअरमध्ये मग लाल पाटी झळकते आणि ‘मीडिया ऑफलाइन’ ही सूचना अनेक भाषांतून दिसते. (त्यांत मराठी नाही. आपल्याला इंग्रजीतूनच घाबरावे लागते.) ‘ऑफलाइन’ या शब्दालाही इतिहास आहे. व्हिडिओ टेपच्या काळात स्वस्त नकलांवर कच्चे संपादन करत, ते ऑफलाइन. मग महागड्या यंत्रावर मूळ टेपांवरून पक्के संपादन, ते ऑनलाइन. दोन्हींमध्ये दुवा असे तो एका यादीचा. तिचा सीएमएक्स ३६०० हा नमुना आजही चालतो, आणि त्यात प्रत्येक दृश्याच्या ओळीत टेपचे नाव लिहिलेले असते. कामाच्या एका टप्प्याचे नाव असलेला हा शब्द आज बिघाडाचे नाव झाला आहे.

फिल्मच्या काळी ही ओळख आणखी पक्की होती. ३५ मिमी निगेटिव्हच्या कडेला दर फुटाला, म्हणजे १६ चौकटींना एक क्रमांक असे. फिल्म तयार होतानाच तो कडेवर उमटवलेला असे आणि डेव्हलप केल्यावर दिसे. निगेटिव्ह कापणारा माणूस कामाच्या प्रिंटवरचा क्रमांक पाहून मूळ तुकडा शोधी. डबा कुठल्याही कपाटात जावो, त्यावरचे लेबल गळून पडो, क्रमांक फिल्मच्या अंगावरच राही. २००३च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ते नुकसान कोणत्याही क्रमांकाने भरून येणारे नव्हते. माझ्या बाबतीत मात्र एकही फाइल गेली नव्हती. सगळ्या बायका डिस्कवर सुखरूप होत्या, आणि तरी त्यांतली एक हरवली होती.

झाले होते ते असे. माहितीपट पूर्ण झाल्यावर जुनी डिस्क भरली म्हणून मी सगळे नव्या डिस्कवर हलवले. गावातल्या खेळाआधी दोन उपशीर्षके सुधारायची होती. प्रोजेक्ट उघडला तर सगळी दृश्ये गायब. सॉफ्टवेअरने विचारले, फाइल कुठे आहे? मी एक दाखवली, बाकीच्या त्याने आपण होऊन जोडल्या. मी सुखावलो. पहिली दहा मिनिटे चालवून पाहिली, ठीक वाटली, आणि अंतिम प्रत काढली. पण कॅमेऱ्यात दर नव्या कार्डावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत होते. दोन्ही गावांच्या कार्डांवर ‘सी००१२’ नावाची फाइल होती. जोडणी झाली ती नावावरून. टाइमकोडही मी दर वेळी शून्यावरून सुरू होऊ दिला होता, तेव्हा तोही वेगळा पडला नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असल्याने तो बरोबर राहिला. जात्यावर बसलेल्या बाईची मान खाली असते, पदर पुढे आलेला असतो, ओठ दिसत नाहीत. त्यामुळे मला कळले नाही. मुलीला कळले.

खेड्यात नामसाधर्म्याने किती वाद होतात हे आपण जाणतो. म्हणूनच सातबाऱ्यावर नावाखेरीज गट क्रमांक असतो. लाल पाटीला मी आता घाबरत नाही, ती निदान ओरडून सांगते. भीती वाटते ती चुकीच्या जोडणीची, कारण तिथे चित्र नेहमीसारखे चालू राहते.

यावर उपाय नाहीत असे नाही. आव्हिड मीडिया कंपोजरमध्ये रीतसर आत घेतलेली दृश्ये त्याच्या स्वतःच्या फोल्डरात नव्याने लिहिली जातात आणि प्रत्येक फाइलच्या पोटात तिची ओळख घातली जाते. फोल्डरातल्या सूचीच्या दोन फायली बिघडल्या तर पुसून टाकाव्यात, तो पुन्हा तयार करतो. जुने संपादक आव्हिडला हेकट म्हणतात. जागा दुप्पट लागते हेही खरे. पण निदान तिथे आयात या शब्दाला काही अर्थ आहे. फायनल कट प्रो २०११ साली नव्या रूपात आले तेव्हा त्याला स्वतःच्याच आधीच्या आवृत्तीतले प्रोजेक्ट उघडता येत नव्हते, हा करंटेपणाच. मात्र पुढच्या आवृत्त्यांत त्याने आयातीच्या वेळीच विचारायला सुरुवात केली : लायब्ररीत नक्कल करू, की फायली आहेत तिथेच ठेवू? या एका प्रश्नासाठी मी त्याला बरेच काही माफ करतो.

आणि फाइलला अंगावरचा क्रमांकही देता येतो. फाइलमधल्या एकूण एक अंकांवरून काढलेली एमडी५ ही ३२ अक्षरी खूण नाव बदलले तरी तीच राहते, आत एक ठिपका बदलला तर पूर्ण बदलते. चित्रीकरणाच्या जागी कार्डाची नक्कल बरोबर उतरली का हे पाहायला अशा खुणा वर्षानुवर्षे वापरल्या जातात. मी वापरलेल्या एकाही संपादन सॉफ्टवेअरने जोडणी करताना ती मला विचारली नाही. त्यांचा विश्वास नावावर, आणि नाव ठेवणार कॅमेरा, ज्याला बाराच्या पुढे तेरा एवढेच ठाऊक. आता मी कार्ड उतरवतानाच प्रत्येक फाइलच्या नावाआधी गाव, तारीख आणि कार्डाचा क्रमांक घालतो, खुणांची यादी कागदावर छापून डिस्कच्या डब्यात ठेवतो, आणि नव्याने जोडलेला प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो. या शेवटच्या कामाला पन्नास मिनिटे लागतात. तेवढीच मी त्या दिवशी वाचवायला गेलो होतो.

माहितीपटातली १४ दृश्ये अशी बदललेली निघाली. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आलेला आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी ताडून त्यांतली ११ मी परत जागेवर लावली. त्या मुलीच्या आईचे दृश्य त्यांतच होते, ते तिच्या घरी जाऊन दाखवले. उरलेल्या तीन दृश्यांत कॅमेऱ्याच्या माइकवर वारा आणि जात्याची घरघर एवढेच आहे. चेहरे आहेत, ओव्या आहेत, पण कोणती ओवी कुणाची हे सांगू शकतील अशा त्या गावातल्या दोघी आता राहिल्या नाहीत. त्या तीन दृश्यांखाली मी अजून नाव घातलेले नाही.