दिघी परिसर आणि किनारा नियमनाची मोजपट्टी : एक चिकित्सा

सागरी किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचना हा सामान्यतः पर्यावरणशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु घर कोठे आणि किती उंच बांधावे हे ठरविणारी ती एक बांधकाम नियमावलीही आहे. प्रस्तुत लेखात श्रीवर्धन तालुक्यातील दिघी परिसराच्या संदर्भात तिच्या मोजमापाची चिकित्सा केली आहे.

19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला. ग्रामीण किनाऱ्यावरील पहिले 200 मीटर ‘ना-विकास क्षेत्र’ ठरले. त्यापलीकडे 9 मीटरपर्यंत उंचीची, तळमजला व एक मजला एवढीच घरे मान्य झाली. 2011 च्या अधिसूचनेने मच्छीमारांसह पारंपरिक किनारवासीयांच्या घरांना 100 ते 200 मीटरच्या पट्ट्यात सशर्त मुभा दिली. पुढे 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक असल्यास ना-विकास क्षेत्र 50 मीटर, अन्यथा 200 मीटर.

मुख्य आक्षेप या निकषावर आहे. कोकणातील गावाच्या महसुली हद्दीत डोंगर, खाजण व माळरान यांचा समावेश असतो. वस्ती मात्र डोंगर व पाणी यांमधील चिंचोळ्या पट्टीत एकवटलेली असते. लोकसंख्येला संपूर्ण गावाच्या क्षेत्रफळाने भागले, तर भिंतीला भिंत लागलेला कोळीवाडाही कागदावर विरळ ठरतो आणि जेथे जागेची निकड अधिक, तेथेच निर्बंध कठोर होतो.

दुसरा आक्षेप ‘गरज’ या संकल्पनेविषयी आहे. पाण्याचे सान्निध्य अनिवार्य असल्याने बंदरांना ना-विकास क्षेत्रातही परवानगी मिळू शकते, व ते तर्कसंगत आहे. राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेले दिघी बंदर 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेले. 2024 मध्ये केंद्राने दिघी औद्योगिक क्षेत्रास मंजुरी दिली. त्यामुळे परिसरातील जमिनीवरील ताण वाढणार हे उघड आहे. अशा वेळी बंदराची गरज त्याच्या कार्यावरून आणि कोळ्याच्या घराची गरज केवळ अंतरावरून ठरविणे विसंगत होय. होडी, जाळी व मासळी यांच्याशी बांधलेले ते घर हे कामाचेही ठिकाण असते.

अर्थात, निर्बंध सरसकट शिथिल करणे हा उपाय नव्हे. 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने किनाऱ्यालगतच्या बांधकामातील धोका दाखवून दिला आहे. शिवाय सवलतीचा पहिला लाभ हॉटेल व्यावसायिकांना होण्याची शक्यता असते.

सारांश, घनता महसुली गावाऐवजी प्रत्यक्ष वाडीनिहाय मोजावी आणि सवलत जमिनीस न देता पिढीजात रहिवाशांच्या राहत्या घरास द्यावी. मोजपट्टी बदलल्याशिवाय मीटरचे आकडे बदलून न्याय होणार नाही.